लिमलेटच्या गोळ्या घरी करताना साखर परत रवाळ होते? मग हे करा

एक वाटी साखर, पाव वाटीहून थोडं जास्त पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस. लिंबू सुरुवातीलाच घाला. ते फक्त चवीला नाही. आम्लामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग साखरेचे दाणे पुन्हा जमत नाहीत. कारखान्यात हेच काम लिक्विड ग्लुकोज करतं.

साखर विरघळली की डाव बाजूला ठेवा. उकळत्या पाकात ढवळलंत की संपलं, खडीसाखरेसारखा गोळा हातात. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने पुसून आत ढकला.

पाक गोळीबंदच्या पुष्कळ पुढे, साधारण 150 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: दाताखाली चिकटला तर थांबा, काचेसारखा टचकन तुटला तर लगेच गॅस बंद. दोन मिनिटं जास्त झाली की करपतो. आंबटपणाला चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आता घाला, आधी नाही. तूप लावलेल्या ताटात ओता आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडा. मुलांना मात्र ओट्यापासून लांब ठेवा, हा पाक हाताला चिकटतो आणि फार भाजतो.

नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावात 1942 पासून अशा गोळ्या बनू लागल्या. कागदाला दोन्हीकडे पीळ देऊन गुंडाळलेल्या. तो पीळ निव्वळ शोभेचा नव्हे, साखर हवेतला दमटपणा ओढते. पावसाळ्यात गोळ्या पिठीसाखरेत घोळवून घट्ट झाकणाच्या बरणीतच भरा.