कन्नड आणि मराठी यादीतली नावं पायथनमध्ये जुळवायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात प्रोग्रामरच्या वाट्याला एक काम हमखास येतं. सोसायटीची सभासद यादी मराठीत, रेशनकार्ड आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. दोन्हीकडचा माणूस एकच आहे का ते शोधायचं. बरेच जण आधी दोन्ही याद्या इंग्रजीत आणतात. तिथेच घोळ होतो. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल हे भेद इंग्रजीत एकदा गेले की परत मिळत नाहीत. कन्नडमधून सरळ देवनागरीत या. ते सोपं आहे आणि अचूकही.

(कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. एडिटरमध्ये नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.)

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक (कोड) देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचा गट 2304 ते 2431 आणि कन्नडचा 3200 ते 3327. दोन्हींची मांडणी इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोड पद्धतीवरून आलेली असल्याने अक्षरं जवळपास एकासमोर एक बसतात आणि फरक नेमका 896 राहतो. देवनागरी क 2325, कन्नड क 3221. ळ 2355, कन्नड ळ 3251. म्हणून लिपी बदलायला एक ओळ पुरते:

नाव = ''.जॉइन(चर(ऑर्ड(अ) - 896) इफ 3200 <= ऑर्ड(अ) <= 3327 एल्स अ फॉर अ इन नाव)

पण त्याच्या आधी ही ओळ हवीच:

नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव)

कन्नडमधला दीर्घ ओकार कधी एका कोडने येतो, तर कधी तीन तुकड्यांनी. शेवटचा तुकडा 3285 म्हणजे दीर्घ खूण. त्यातून 896 वजा केले तर देवनागरीत भलतंच चिन्ह उमटतं. एनएफसी हे तुकडे आधी सांधून देतं. क्रम उलटा केलात तर एरर येत नाही, नावं मात्र गुपचूप बिघडतात.

यानंतर ऱ्हस्व ए आणि ओ. कन्नडमध्ये ते वेगळे आहेत, मराठीत नाहीत. 896 वजा केल्यावर कन्नड बेळगावीचं 'बॆळगावि' होतं. ही मात्रा 2374, आपली नेहमीची 2375. चार जोड्या बदला: 2318 चा 2319, 2322 चा 2323, 2374 चा 2375, 2378 चा 2379.

इथवर लिपी एक झाली. शुद्धलेखन अजून दोन तऱ्हांचं आहे. म्हणून नावाला हात न लावता शेजारी एक वेगळा कॉलम करा, त्याला 'जुळणी' म्हणा, आणि खालचे बदल फक्त त्यात करा. हा कॉलम छापायचा नाही, स्क्रीनवर दाखवायचा नाही.

सगळ्यात आधी 8204 आणि 8205 हे न दिसणारे जोडक काढा आणि ऱ चा र करा. 'कुऱ्हाडे' हे नाव दोन प्रकारे टाइप होतं: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि 8205. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही, तुलनेत मात्र ही दोन वेगळी नावं ठरतात. इथे एनएफसी काही मदत करत नाही. ॲ चंही तेच: एक सुटा कोड 2418, दुसरा अ आणि चंद्र मिळून. शिवाय कन्नडमधून तो 'अ्या' होऊन येतो. तिन्हींचा 2418 करा. मात्र कुठल्याही व्यंजनापुढच्या '्या' चा चंद्र करू नका, 'विद्या' मोडेल.

श्री, श्रीमती, सौ., ॲड., डॉ. हे काढताना पुढे टिंब किंवा मोकळी जागा आहे का ते बघा. नाहीतर श्रीकांतचा कांत होतो. त्यानंतर मोकळ्या जागेवर नावाचे शब्द सुटे करा आणि पुढचे बदल एकेका शब्दावर चालवा.

आता या भागातला खरा पेच. मराठीत यल्लाप्पा, कन्नडमध्ये यल्लप्प. गंगव्वा आणि गंगव्व. मल्लम्मा आणि मल्लम्म. शब्दाच्या शेवटी प्प, ण्ण, व्व, क्क किंवा म्म असेल तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा काना काढून टाका. हे जोडाक्षर एकेरी करण्याच्या आधीच व्हायला हवं. नंतर नुसता प उरतो आणि तो कुठलाही असू शकतो. शेवटचा काना सरसकट काढायचा मोह आवरा, कमल आणि कमला एकच होतील.

मग जोडाक्षरं. हलन्ताला चर(2381) देऊन त्याचं एक व्हेरिएबल करा. तो एडिटरमध्ये कंसाला चिकटून बसतो आणि कुठे काय आहे ते कळत नाही.

नाव = री.सब('([क-ह])' + हलन्त + आर'\1', आर'\1', नाव)

दोन्ही ठिकाणी 'आर' लावायला विसरलात तर '\1' चा अर्थ कोड 1 चं अक्षर असा होतो, काहीही जुळत नाही आणि पायथन तक्रारही करत नाही. या एका ओळीने चिक्कोडी-चिकोडी, निप्पाणी-निपाणी जुळतात, उज्ज्वला-उज्वलाही. विठ्ठल मात्र तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: विठ्ठल, विठल, विट्ठल. तिसऱ्यासाठी क्ख, ग्घ, च्छ, ज्झ, ट्ठ, ड्ढ, त्थ, द्ध, प्फ, ब्भ यांतलं पहिलं अक्षर काढणारी वेगळी यादी ठेवा.

पुढचं पटकन. ई-ऊ आणि त्यांच्या मात्रा ऱ्हस्व करा, म्हणजे खानापूर आणि कन्नडचं खानापुर एक होईल. शब्दाच्या शेवटचा हलन्त काढा. कन्नडमध्ये पाटील कधी कधी शेवटचा ल मोडून लिहितात. ण् च्या पुढे ट ते ढ, न् च्या पुढे त ते ध, म् च्या पुढे प ते भ असेल तरच अनुस्वार करा. ङ् आणि ञ् ही त्याच चालीने, आपापल्या वर्गापुढे. प्रत्येक न् चा अनुस्वार केलात तर कान्हेरेंची वाट लागेल.

गावांच्या नावांना मात्र नियम पुरत नाहीत. 'बेळगाव' आणि 'बेळगावी' कुठल्याही नियमाने जुळवायला गेलात तर दहा दुसरी नावं मोडतील. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव आहे. गावांचं वेगळं टेबल करा: एक आयडी, त्याखाली हवी तितकी नावं. पिनकोडला आयडी करू नका. एका पिनखाली अनेक गावं येतात.

शब्दांचा क्रम हाही एक सापळा. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, म्हणून शब्द वर्णक्रमाने लावून जोडण्याची युक्ती सगळेच करतात. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. 'परशराम यल्लाप्पा पाटील' आणि 'यल्लाप्पा परशराम पाटील' हे बाप-लेक या युक्तीने एकच माणूस ठरतात, आणि बापाचं कर्ज लेकाच्या खात्यावर दिसायला लागतं. क्रम बदलून जुळलेली जोडी फक्त तपासायच्या यादीत टाका. जन्मसाल किंवा घर नंबर जुळल्याशिवाय ती पक्की धरू नका.

फाइल उघडतानाचे दोन-चार खोडे. कन्नड फाइल एका ठराविक फॉन्टमध्येच वाचता येत असेल आणि तिच्यात 3200 ते 3327 मधलं एकही अक्षर नसेल, तर तो युनिकोड नव्हे, नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरसारख्या जुन्या पद्धतीचा मजकूर आहे. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर आधी चालवा. एक्सेलमधून आलेली सीएसव्ही 'युटीएफ-8-सिग' ने उघडा, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला 65279 हा न दिसणारा कोड चिकटतो आणि समोर दिसत असलेला कॉलम सापडत नाही. शब्द सुटे करायला पायथनच्या 'री' मॉड्यूलमधला, अक्षरं ओळखणारा '\डब्ल्यू' वापरू नका: तो मात्रांना अक्षर मानत नाही, निपाणीचे न, प, ण असे तुकडे करतो. उलट अंक ओळखणारा '\डी' मराठी आणि कन्नड अंकही स्वीकारतो, त्यामुळे '५९०००१' हा पिनकोड तपासणीत पास होतो आणि डेटाबेसमधल्या 590001 शी जुळत नाही. अंक सुरुवातीलाच बदलून घ्या.

कोड बदलला की दर वेळी या जोड्या चालवून बघा. जुळायलाच हव्यात: यल्लाप्पा-यल्लप्प, विठ्ठल-विट्ठल, हुक्केरी-हुकेरि, उज्ज्वला-उज्वला, दोन तऱ्हांचा कुऱ्हाडे. जुळता कामा नयेत: कमल-कमला, काळे-काले, श्रीकांत-कांत. दुसऱ्या यादीतली एक जरी जोडी जुळली, तर सगळ्यात शेवटी घातलेला नियम काढून पुन्हा चालवा.