लाकूडकामाला न पिवळणारा वॉटर-बेस्ड ग्लॉस: डबा उघडण्याआधीची तयारी

डब्यावर 'वॉटर-बेस्ड' लिहिलंय म्हणजे रंग पांढराच राहील असं नाही, हे खरेदीला निघण्याआधीच लक्षात घ्या. पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो तो त्यातल्या वाळणाऱ्या तेलामुळे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि रंग वाळल्यावरही ती क्रिया आत चालूच राहते, त्यातून पिवळी झाक येते. उजेडात ती थोडी विरते, अंधारात वाढते. म्हणून कपाटाची आतली बाजू आणि दारामागे झाकली जाणारी चौकट आधी पिवळी होते. आता तेलाचं अल्किड (वाळणाऱ्या तेलापासून केलेली कृत्रिम राळ) पाण्यात कालवून केलेले रंगही मिळतात. 'हायब्रिड' किंवा 'अल्किड इमल्शन' नावाचे हे रंग छान पसरतात, ब्रश पाण्याने धुता येतो, वासही कमी. पण आत तेल आहेच, त्यामुळे कमी-अधिक पिवळेपणा येतोच. ब्रश पाण्याने धुतला जातो ही न पिवळण्याची खूण नव्हे.

त्यामुळे कंपनीचं टेक्निकल डेटा शीट, म्हणजे रंगाचं माहितीपत्रक, मागून घ्या किंवा डाउनलोड करा आणि त्यात 'बाइंडर'ची, म्हणजे वाळून रंगाचा थर धरून ठेवणाऱ्या घटकाची, ओळ शोधा. तिथे १०० टक्के अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन असं लिहिलेलं हवं. पॉलियुरेथेन असेल तर ते अ‍ॅलिफॅटिक आहे का ते बघा, कारण अ‍ॅरोमॅटिक प्रकार उजेडात पिवळा पडतो. बाइंडरचा उल्लेखच नसेल तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरा डबा घ्या. नुसत्या 'नॉन-यलोइंग' या शब्दावर भिस्त ठेवू नका. चकाकीबद्दलही अपेक्षा आधीच ठरवून टाका. अ‍ॅक्रिलिक ग्लॉस बहुधा ऑइल पेंटइतका आरशासारखा दिसत नाही आणि ब्रशच्या रेघा जास्त दिसतात. जुनं लाकूडकाम खाचखळग्यांचं असेल तर सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस घेणंच शहाणपणाचं, कारण पूर्ण ग्लॉस प्रत्येक खड्डा उठून दाखवतो. शिवाय एकाच खोलीत अर्ध्या चौकटी जुन्या ऑइल पेंटच्या ठेवून अर्ध्या नव्या रंगवू नका. आज जुळलेला पांढरा काही काळाने जुळणार नाही.

रंग किती लागेल? गुळगुळीत पृष्ठभागावर एक लिटर साधारण १० ते १२ चौरस मीटरला एक हात पुरतो. २.१ मीटर उंच आणि ०.९ मीटर रुंद दाराच्या दोन्ही बाजू, कडा आणि चौकट धरून अंदाजे ५ चौरस मीटर होतात, म्हणजे दोन हातांना एक लिटरच्या आसपास. गडद रंगावर पांढरा चढवायचा असेल तर तिसरा हात धरूनच चाला.

आता खालच्या थराची तपासणी. जुना रंग तेलाचा की पाण्याचा हे ओळखायला एखादा कोपरा स्वच्छ पुसून त्यावर स्पिरिटमध्ये (अल्कोहोलच्या, टर्पेंटाइनसारख्या नव्हे) भिजवलेला कापूस मिनिटभर चोळा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर तो पाण्याचा, नाही लागला तर बहुधा तेलाचा. तेलाच्या चकचकीत थरावर अ‍ॅक्रिलिक थेट चढवला तर तो नखानेही सालीसारखा निघतो, तेव्हा घासणं आणि पकड धरणारा प्रायमर दोन्ही हवेतच. घर जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. तशी शंका असल्यास आधी चाचणी करून घ्या, कोरडं घासू नका, पाणी मारून घासा, योग्य मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

घासण्याआधी धुणं, हा क्रम उलटा करू नका. कडीभोवती हाताचा तेलकटपणा आणि स्वयंपाकघरातल्या चौकटींवर तुपकट थर असतो. न धुता घासलं की तो लाकडात आणखी रगडला जातो. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने. फर्निचर पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात. अमोनिया असलेला क्लीनर टाळा, आजूबाजूचा जुना ऑइल पेंट त्याने पिवळा पडतो.

पोपडे पत्तीने खरवडा, भेगा-खिळ्यांच्या भोकांत लांबी भरा, ती पूर्ण वाळू द्या. जुन्या ग्लॉसची चमक १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने मारा, उघडं लाकूड १२० ने सुरू करून १८० वर आणा. स्टील वूल वापरू नका. त्याचा बारीक कण लाकडात अडकला की पाण्याच्या रंगाखाली गंजतो आणि तांबूस ठिपका वर येतो. चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत रंगवता येणारा अ‍ॅक्रिलिक सीलंटच भरा; सिलिकॉनवर रंग बसत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लाकडातून वर येणाऱ्या डागांनी. उत्तम अ‍ॅक्रिलिक लावूनही काही दिवसांत गाठीच्या जागी पिवळसर-तपकिरी वर्तुळ उमटतं आणि लोक रंगाला दोष देतात. ते गाठीतलं राळ असतं, किंवा ओकसारख्या लाकडातलं टॅनिन हे तपकिरी डाग पाडणारं द्रव्य. टॅनिन पाण्यात विरघळतं, म्हणून साधा पाण्याचा प्रायमर त्याला अडवण्याऐवजी वर ओढून आणतो. धुराच्या डागांचंही तेच. अशा जागी शेलॅकचा (लाखेचा) सीलर दोन पातळ हातांत लावा, गाठीच्या कडेबाहेर बोटभर सरकून. टॅनिनवाल्या लाकडावर सगळीकडे डाग अडवणारा प्रायमर लावा आणि रात्रभर थांबून बघा. डाग दिसला तर आणखी एक हात प्रायमरचाच द्या. वर रंगाचे कितीही हात चढवले तरी तो बुजत नाही.

पाण्याने उघड्या लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात, म्हणून प्रायमरचा पहिला हात खरखरीत लागतो. घाबरू नका, वाळल्यावर २४० ने हलकं घासा, धूळ व्हॅक्यूमने ओढून ओलसर फडक्याने टिपा.

ब्रश नायलॉन-पॉलिएस्टरचा घ्या, ५० मिलिमीटरचा सपाट आणि कोपऱ्यांसाठी २५ चा. जनावराच्या केसांचा ब्रश पाणी पिऊन लुळा पडतो. सपाट दारासाठी आखूड लोकरीचा छोटा रोलर चालतो, मागोमाग ब्रशचं टोक हलकेच फिरवायचं. रंगात पाणी माहितीपत्रकात असेल तेवढंच घाला.

खोली १० अंशांच्या वर असावी आणि दमट हवेचा दिवस टाळावा. फार उष्ण कोरड्या दिवशी पंखा आणि थेट ऊन बंद ठेवा, नाहीतर ओली कड सुकून जोड दिसतात. आधी पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या; आणि एकदा सोडलेल्या भागावर परत ब्रश नेऊ नका, अर्धवट वाळलेला रंग ओढला जातो.

हात लावून कोरडा वाटायला एक-दोन तास आणि दुसऱ्या हाताला सहसा चार ते सहा तास लागतात, पण पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात. तोवर ग्लॉसचे दोन थर एकमेकांना दाबून राहिले तर चिकटतात, म्हणून पहिले काही दिवस दार उघडं ठेवा किंवा चौकटीच्या खाचेत बेकिंग पेपरची पट्टी अडकवा. नव्याने रंगवलेल्या फळीवर जड वस्तू ठेवू नका आणि महिनाभर ती धुऊ नका, फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसा.