थंडी, समर टायर आणि पाचशे न्यूटन मीटर: मागची चाकं सुटू नयेत म्हणून

नोव्हेंबरातली सकाळ, आठ वाजलेत. रस्ता कोरडा, आकाश निळं, डॅशबोर्डवर ४ अंश. ऑटोबानला (जर्मनीतल्या महामार्गाला) जोडणारी रँप सरळ होत आलेली, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ७० वर. उन्हाळाभर जिथे बिनदिक्कत पाय दाबला, तिथेच आज त्याच समर टायरांवर, म्हणजे उन्हाळ्यासाठीच्या टायरांवर, दाबला. अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग टर्बोचा जोर येतो आणि मागचं टोक झपकन उजवीकडे सरकतं. स्टटगार्ट असो, टोरांटो असो की न्यू जर्सी, मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी घेतलेल्यांची पहिली फजिती बहुधा अशीच होते. बर्फात नव्हे, स्वच्छ कोरड्या रस्त्यावर.

तिसऱ्याच गिअरमध्ये का, ते आकड्यांतून पटकन दिसतं. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५५० न्यूटन मीटर आहे. तिसरा गिअर आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) मिळून त्याला साधारण ४.७ ने गुणतात. दहा टक्के वाटेत जातात असं धरलं तर मागच्या चाकांवर सुमारे २,३०० न्यूटन मीटर पोचतात. जोर लावताना मागच्या चाकांवर ९५० किलो भार आला आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर असली, तर घर्षणांक (टायर रस्त्याला किती धरतो त्याचं माप) १ असताना ती चाकं ३,००० च्या वर पेलतात. म्हणजे जुलैत तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला तरी मागची चाकं सुटत नाहीत. थंडीत घर्षणांक ०.६ वर आला की ही मर्यादा १,८५० च्या आसपास येते. या गिअरमध्ये अडीच ते साडेतीन हजार आरपीएम म्हणजे ताशी ६५ ते ९० किलोमीटर, नेमका रँपवरचा वेग. सिग्नलवरून निघताना चाकं फिरली तर आवाज होतो, धूर निघतो, फारसं बिघडत नाही. ७० च्या वेगात फिरली तर गाडी आडवी होते.

०.६ हा आकडा हिशेबापुरता आहे. खरा आकडा टायर, डांबर आणि ओल यांवर ठरतो. तोच धरला तर ३० मीटर त्रिज्येचं जे वळण घर्षणांक १ असताना ताशी ६२ ने निभतं, ते ४८ नेच निभेल. ताशी १०० वरून थांबायला ३९ मीटरऐवजी ६५ मीटर लागतील. ब्रेकच्या पेडलखाली मात्र गाडी तशीच वाटते, आणि खरा धोका तिथे आहे.

रबराचं काय होतं

टायर रस्त्याला धरतो तो रबर डांबराच्या बारीक दाण्यांत दबून शिरतं म्हणून. समर टायरचं मिश्रण जोरात हाकताना तापलं तरी लिबलिबीत होऊ नये अशा बेताने बनवलेलं असतं. त्याची किंमत थंडीत मोजावी लागते: रबर ताठरतं, दाण्यांत शिरायच्या ऐवजी त्यांच्या टोकांवरून घसरतं. थंड सकाळी ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या) ठोकळ्यात अंगठ्याचं नख रोवून पाहा. दुपारी उन्हात उभ्या गाडीवर तेच करा. सकाळचा ठोकळा जुन्या, वाळलेल्या खोडरबरासारखा लागतो.

सगळीकडे सांगितला जाणारा ७ अंशांचा आकडा म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. खोबरेल तेल जसं थंडीत आधी बाटलीच्या कडेने दाटतं आणि मग आतपर्यंत गोठतं, तसं रबर हळूहळू कडक होतं. साधा समर टायर कोरड्या रस्त्यावर ७ अंशांखालीही एकदम हात सोडत नाही. टायर जितका शर्यतीच्या ट्रॅककडे झुकलेला, तितकी त्याची थंडी लवकर सुरू होते. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस आणि पायलट स्पोर्ट कप २ एकाच घरातले, पण कप २ वर १० अंशांतसुद्धा पहिली काही किलोमीटर जपून काढावी लागतात. रस्ता ओला असेल तर हे सगळं आणखी लवकर आणि जास्त होतं. ४ अंश आणि रिपरिप पाऊस हे ० अंश आणि कोरड्यापेक्षा वाईट.

डॅशबोर्डवरचा आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नव्हे. निरभ्र रात्रीनंतर डांबर हवेहून थंड असू शकतं. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो. झाडांच्या सावलीतलं वळण दुपारपर्यंत ओलं राहतं. बऱ्याच गाड्या ३-४ अंशांना हिमकणाचं चिन्ह दाखवतात, पण समर टायरसाठी ती सूचना उशिरा येते. ७ दिसले की सावध व्हायचं.

निघण्याआधी

हवा तपासा, तीही टायर पूर्ण गार असताना. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय जातो. २० अंशांना भरलेले ३६ पीएसआय शून्याला साडेबत्तीस भरतात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा गाठा. गॅरेज उबदार असेल तर आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक धरून तितका जास्त भरा. ‘ग्रिपसाठी हवा कमी ठेवा’ हा ट्रॅकवरचा सल्ला इथे लागू नाही. तिथे टायर तापून दाब वाढणार असतो, इथे तापणारच नसतो.

मोड निवडा. मस्टँगला स्नो/वेट, कॉर्व्हेटला वेदर, पोर्श ९११ च्या ९९२ पिढीला वेट मोड आहे. बाकीच्यांत जो सगळ्यात मवाळ असेल तो. त्याने ॲक्सिलरेटरची धार बोथट होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल लवकर जागा होतो. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ या वेगवान गाड्यांतला एमडीएम (एम डायनॅमिक मोड) किंवा कुठलाही ‘थोडं घसरू द्या’ प्रकारचा मोड एप्रिलपर्यंत विसरा. पण ट्रॅक्शन कंट्रोल चालू आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. तो ताकद कापू शकतो, चाकाला ब्रेक लावू शकतो; नसलेली ग्रिप कुठून आणणार?

ताशी ४० ने डावीकडे-उजवीकडे नागमोडी चालवून टायर तापत नाहीत. वरची पातळ कातडी जरा ऊब धरते, आतलं रबर थंडच राहतं, आणि सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की रस्ता तीही ऊब ओढून घेतो. बर्नआउट त्याहून वाईट: मागचे तापतात, पुढचे थंड राहतात, आणि पहिल्याच वळणात गाडी वळायचं नाव घेत नाही. पंधरा-वीस मिनिटं संथपणे चालवणं हाच उपाय, आणि त्यानेही उन्हाळ्यातली ग्रिप परत येत नाही.

चालवताना

नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवा. वर ज्या रँपचं गणित केलं तिथे चौथा गिअर असता तर चाकांवरचा जोर जेमतेम मर्यादेत बसला असता.

टर्बो गाडीत एक फसवी गोष्ट होते: पाय जागचा हललेला नसतो, तरी टॉर्क वाढत जातो. २,००० आरपीएमला पेडल अर्धं दाबून धरलं, चाकांनी पकड ठेवली, तुम्ही निश्चिंत झालात. आरपीएम २,८०० ला पोचेपर्यंत बूस्ट (टर्बोने आणलेला हवेचा दाब) भरतो आणि त्याच अर्ध्या पेडलवर चाकं सुटतात. म्हणून आरपीएम चढत असताना पेडल किंचित मागे घेत राहायचं. हे सवयीच्या अगदी उलट आहे, पण दोन दिवसांत जमतं. आणि स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय पाव पेडलच्या पुढे जायचं नाही.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) एकाच चाकाला फुकट फिरू देत नाही; त्याबद्दल गैरसमज फार. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फुकट फिरतं आणि दुसरं गाडीला आडवं जाण्यापासून रोखून धरतं. एलएसडीमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटतात, मग आडवं धरायला मागे कुणीच उरत नाही. तापलेल्या ट्रॅकवर ज्याचा फायदा, त्याचाच थंड रस्त्यावर तोटा.

गिअर उतरवतानाही जपा. मॅन्युअलमध्ये तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचा वेग न जुळवता क्लच सोडलात, तर मागची चाकं क्षणभर हँडब्रेक ओढल्यासारखी अडतात. आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर. इलेक्ट्रिक गाडीत हेच काम रीजेन (पाय उचलल्यावर मोटरनेच लागणारा ब्रेक) करतं. मोटर फक्त मागे असेल तर रीजेन शक्य तितकं कमी ठेवा. तिथे बूस्ट भरण्याची वाटही पाहावी लागत नाही, पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणापासून हजर.

क्वाट्रो किंवा एक्सड्राइव्ह (ऑडी आणि बीएमडब्ल्यूची चारही चाकं चालवणारी यंत्रणा) असलेल्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं: चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते छान, थांबते मात्र इतरांसारखीच.

सुटलीच तर

मागचं टोक सरकलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, पण झटक्याने नाही. झटक्याने उचललात तर भार पुढे जातो आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. मॅन्युअल असेल तर क्लच दाबा. नजर जिथे जायचं तिथे, दुभाजकावर नव्हे. हात नजरेमागे जातात. मागचं टोक ज्या बाजूला गेलं, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा, सरकलंय तितकंच.

आता खरा कस. मागचे टायर पुन्हा पकडतात ते एकाएकी. त्या क्षणी पुढची चाकं अजून वळलेलीच असली तर गाडी उलट्या बाजूला, पहिल्याहून जोरात फेकली जाते. बहुतेक गाड्या पहिल्या घसरण्यात नाही, या दुसऱ्या झोक्यात जातात. म्हणून स्टिअरिंग वळवलं त्याच वेगाने परत सरळ आणायचं, टोक सावरायला लागल्याचं पाठीला जाणवलं की लगेच.

पुढची चाकं सुटून गाडी सरळच जात असेल तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. थोडं सरळ करा, पाय उचला, पकड आली की पुन्हा वळवा. धडक अटळ दिसली तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, एबीएस थरथरला तरी सोडू नका.

हे वाचून जमत नाही. जर्मनीत एडीएसी या वाहनचालक संघटनेच्या ड्रायव्हिंग केंद्रांत ओल्या घसरड्या पट्ट्यांवर सराव करता येतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूच्या केंद्रात स्किडपॅड (घसरण्याच्या सरावाचं मैदान) आहे.

टायर बदलणं

जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा ठोकताळा आहे. कायदा तारखेवर नाही, रस्त्याच्या अवस्थेवर आहे: बर्फ, चिखलबर्फ किंवा हिमाचा थर असेल तर तीन शिखरं आणि हिमकण हे चिन्ह असलेलेच टायर लागतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो) हे चिन्ह चालत नाही. दंड ६० युरो आणि चालकाच्या नावावर एक दंड-पॉइंट. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात असाच नियम आहे आणि विंटर टायरचा ट्रेड किमान ४ मिलिमीटर हवा. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे.

जिथे बर्फ क्वचित पडतो तिथे बारमाही (ऑल सीझन) टायर, म्हणजे कॉन्टिनेंटल डीडब्ल्यूएस ०६ प्लस किंवा मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ पुरतात. म्युनिक-मॉन्ट्रियलला विंटरच घ्या. ब्रेक कॅलिपरला जागा असेल तर रिम एक इंच लहान घ्या: टायर स्वस्त पडतो आणि खड्ड्यात रिम वाचते. चारही एकदम बदला. फक्त मागे विंटर लावले तर गाडी वळत नाही. फक्त पुढे लावले तर ब्रेक मारताना मागचं टोक पुढे यायला बघतं. टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगाहून कमी असेल तर जर्मनीत ती लिहिलेला स्टिकर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावा लागतो.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. एम१४ बोल्टच्या बीएमडब्ल्यूंना १४० न्यूटन मीटर, २०१५ नंतरच्या मस्टँगला २०४. एअर गनने अंदाजे आवळून दिले तर घरी आल्यावर तपासा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा.

गोठलेला टायर हलवू नका

हे फार कमी जणांना माहीत असतं. उणे ७ अंश किंवा त्याखाली गेलेला ट्रॅककडे झुकलेला समर टायर वाकला की तडकू शकतो, मग गाडी गॅरेजबाहेर दहा फूट सरकवली तरी. तडे ट्रेडच्या ठोकळ्यांच्या मुळाशी किंवा खांद्याजवळ पडतात आणि वॉरंटीत बसत नाहीत. असे टायर ५ अंशांच्या वर निदान २४ तास राहू द्या, मगच गाडी हलवा किंवा टायर रिमवर चढवा. फुंकर गरम हवेची असो वा हीटरची, थेट टायरवर मारू नका. काढलेले समर टायर बाहेरच्या शेडऐवजी तळघरात ठेवा: रिमसकट असतील तर एकावर एक आडवे, नुसते असतील तर उभे, अधूनमधून जागा फिरवून.

भारतात ही वेळ सहसा येत नाही. महाबळेश्वरच्या थंडीत पहिली काही किलोमीटर हलका पाय ठेवला की झालं. पण मुंबई-पुण्याहून एम किंवा एएमजी घेऊन डिसेंबरात मनालीला जाणाऱ्यांनी अटल बोगद्याआधीच थांबावं. बोगदा समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर आहे, पलीकडे सिस्सूच्या बाजूला रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, आणि तुमच्या मापाचे विंटर टायर तिथे कुठल्याच दुकानात नसतात. त्या शेवटच्या टप्प्यासाठी साखळ्या लावलेली तिथलीच टॅक्सी करा.