यकृताच्या धमन्या सीटीवर कशा शोधाव्यात: थीसिस करणाऱ्यांसाठी

रेडिओलॉजीला नव्याने आलेली मुलं थीसिससाठी यकृताच्या धमन्यांचे वेगवेगळे उगम हा विषय निवडतात, आणि मला तो आवडतो. खानापूर, चंदगड, निपाणी, गोकाक, सगळीकडून पोटाच्या सीटीसाठी माणसं बेळगावलाच येतात, त्यामुळे केसेस कमी पडत नाहीत. अट एकच: नुसत्या थीसिससाठी कुणाचाही सीटी करायचा नाही. क्ष-किरण आणि कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) दोन्ही पेशंटला सोसावे लागतात. दुसऱ्या आजारासाठी ज्यांचा ट्रायफेजिक सीटी (कॉन्ट्रास्टनंतर तीन टप्प्यांत काढलेला) किंवा अँजिओग्राफी होणारच आहे, तेवढेच घ्या. एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांतली संमतिपत्रं आधी हातात हवीत. लिव्हरचं आधी ऑपरेशन झालेले आणि मोठ्या गाठीने रक्तवाहिन्या सरकलेले पेशंट वगळा.

स्कॅनच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, अ‍ॅलर्जी विचारा. पोटात पांढरं कॉन्ट्रास्ट नको, साधं पाणी पाजा. आतडं पांढरं दिसलं की शेजारची बारीक आर्टरी त्यात हरवते. कोपरापाशी 18 नंबरची कॅन्युला, मिलीलिटरला 350 मिलिग्रॅम आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, किलोमागे साधारण 1.5 मिली, सेकंदाला 4 ते 5 मिली वेगाने, आणि लगेच मागून सलाईन. महाधमनीवर बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचलं की मशीन आपोआप सुरू होतं ती सोय) लावा, 100 ते 150 हाउन्सफील्डला (सीटीवरच्या उजळपणाचं माप) स्कॅन सुटू द्या. काप 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. 5 मिलिमीटरच्या कापांवर हा अभ्यास होत नाही, मग केस कितीही चांगली असो.

श्वासाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्मे स्कॅन तिथेच बिघडतात. मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज खेड्यातल्या आजींना कळत नाही. टेबलावर झोपवल्यावर त्यांच्या बोलीत दोनदा सराव करून घ्या: "आजी, श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा." कन्नड बोलणारे असतील तर "उसिर तगोरी, हिडकोरी". निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायकांपैकी काहींना दम फार वेळ धरता येत नाही. त्यांना आधीच विचारून ठेवा.

आता खरं काम. 3डी चित्र देखणं असतं, म्हणून सगळे तेच आधी उघडतात. तुम्ही उघडू नका. मागे हुक्केरीकडच्या एका काकांच्या 3डी चित्रात सगळं सरळ दिसत होतं, कारण हाडं काढताना सॉफ्टवेअरने एक बारीक फांदीही पुसून टाकली होती. ती अ‍ॅक्सियल म्हणजे आडव्या कापांवर स्पष्ट होती. तेव्हा आधी अ‍ॅक्सियल, मग जाड एमआयपी (अनेक काप एकत्र करून त्यातलं सर्वात उजळ तेवढं दाखवणारं चित्र), 3डी शेवटी.

आर्टरी उलटी शोधा. मलप्रभेच्या काठाने वर वर जात तिचा उगम, कणकुंबी, गाठावा, तसं लिव्हरच्या आतल्या फांदीपासून सुरुवात करून उगमापर्यंत या. महाधमनीकडून निघालात तर नेहमीच्या वाटेवरची आर्टरी सापडते आणि तुम्ही तिथेच समाधान मानता. दोन जागा प्रत्येक केसमध्ये बघायच्याच. लिगामेंटम व्हेनोसमच्या फटीत (लिव्हरच्या डाव्या लोबजवळची खाच) आर्टरी दिसली, तर ती बहुधा लेफ्ट गॅस्ट्रिककडून (जठराची डावी आर्टरी) डाव्या लोबला चाललेली असते. पोर्टल व्हेनच्या (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) मागून उजवीकडे जाणारी दिसली, तर सुपिरियर मेसेंटेरिक आर्टरीच्या (आतड्याची मोठी आर्टरी) सुरुवातीच्या भागात तिचा उगम शोधा.

मग नेहमीच्या जागची फांदी आहे का ते बघा. नसेल तर 'रिप्लेस्ड', असेल तर 'अ‍ॅक्सेसरी'. अ‍ॅक्सेसरी म्हणजे जास्तीची, तोडली तरी चालेल, असं समजू नका. लिव्हरच्या एखाद्या सेगमेंटचं (भागाचं) धमनीतलं रक्त फक्त तिच्यातूनच येत असतं. चौथ्या सेगमेंटची फांदी कुठून येते तेही नोंदवा. लिव्हर देणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याला फार किंमत असते.

सॅजिटल (बाजूने घेतलेल्या उभ्या) कापावर सिलियाक ट्रंकही बघून घ्या, म्हणजे महाधमनीची ती फांदी जिच्यातून लिव्हरची नेहमीची आर्टरी निघते. मीडियन आर्क्युएट लिगामेंटने (पडद्याच्या स्नायूची कमानीसारखी पट्टी) तो वरून दाबला असेल तर आकडीसारखा वाकलेला दिसतो, आणि गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी (जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीची) जाड झालेली असू शकते.

नोंद करताना उगम, मार्ग आणि पोर्टल व्हेनच्या पुढून की मागून हे शब्दांत लिहा, टाइपचा नंबर नंतर. मिशेल्सने 1966 मध्ये 200 शवविच्छेदनांवरून 10 प्रकार केले. हायॅटने 1994 मध्ये 1,000 लिव्हर डोनरांवरून ते 6 वर आणले. त्यात नेहमीची रचना 75.7 टक्के, डावी फांदी लेफ्ट गॅस्ट्रिककडून 9.7 टक्के, उजवी मेसेंटेरिककडून 10.6 टक्के होती. कुठल्याच खणात न बसणारी केस ओढूनताणून बसवू नका, वेगळी लिहा. दोन जणांनी एकमेकांचं न बघता वाचावं आणि कप्पा (दोघांचं वाचन किती जुळतं त्याचा आकडा) काढावा. निष्कर्षात 'उत्तर कर्नाटकची लोकसंख्या' असं लिहू नका. हे हॉस्पिटलात आलेले पेशंट आहेत, त्यांत महाराष्ट्रातलेही आहेत.

आणि स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरमध्ये रिप्लेस्ड राइट हेपॅटिक (लिव्हरची उजवी आर्टरी) सापडली, तर थीसिसची शीट नंतर भरा. त्याच दिवशी सर्जनना फोन करा: उगम कुठे, गाठीपासून किती मिलिमीटर, पित्तनळीच्या कुठल्या बाजूने जाते. व्हिपलमध्ये (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) ती कापली गेली तर लिव्हरच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. रिपोर्टमध्ये हे पहिल्या ओळीत लिहा, सोबत अ‍ॅक्सियलचं एक चित्र बाण काढून लावा.