७२०७२० आतून कशी बघायची

मोठी संख्या समोर आली की मी कॅल्क्युलेटर बाजूला सारते आणि आधी अंकांची ठेवण बघते. ७२०७२० घ्या. ७२० दोनदा लिहिलंय, म्हणजे ही सरळ ७२० × १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. निम्मं काम इथेच झालं! उरलेल्या ७२० मध्ये २ चा चौथा घात, ३ चा वर्ग आणि एक ५.

आता विभाजक किती? यादी करत बसू नका, जीव जाईल. २ चा घात ०, १, २, ३ किंवा ४ घेता येतो, म्हणजे पाच पर्याय, ० धरायचाच. तसंच ३ चे तीन, बाकी चौघांचे दोन-दोन. ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०.

१ ते १६ या सगळ्यांचा लसावि हीच संख्या. १७ ने भागलं तर बाकी ५. १८ ला मात्र पुन्हा निःशेष भाग जातो.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर १+२+४+८+१६ = ३१, १+३+९ = १३, पुढे ६, ८, १२, १४. सगळ्यांचा गुणाकार ३२४९७९२, म्हणजे मूळ संख्येच्या चौपटीहून जास्त.