बोटीचा तळ ट्रेलरवर नीट टेकवायचा कसा

मराठवाड्यातली बोट पाण्यात कमी आणि ट्रेलरवर जास्त राहते. उन्हाळा लागला की येलदरी, माजलगाव, मांजरा यांचं पाणी मागे सरकतं आणि बोट लिंबाखाली येऊन पडते ती थेट पावसाळ्यापर्यंत. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसलं वर्ष आलं तर बोट हलतच नाही. एवढे महिने तिचा सगळा भार ट्रेलरवरच्या दोन लांब फळ्यांवर असतो. फळ्या चुकीच्या जागी असतील तर तळ हळूहळू वाकतो, आणि वरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

पाण्यात तळाच्या इंचाइंचाला आधार मिळतो. ट्रेलरवर तोच भार मोजक्या ठिकाणी येतो, म्हणून आधार द्यायचा तो तळाच्या दणकट रेषांनाच. या रेषा तीन: मधला कणा म्हणजे कील, तळाला आतून लांबीभर बसवलेले दांडे म्हणजे स्ट्रिंजर, आणि मागची उभी भिंत, म्हणजे जिच्यावर इंजिन टांगतात तो ट्रान्सम.

सुरुवात बोट रिकामी करण्यापासून. ड्रेन प्लग काढून साचलेलं पाणी जाऊ द्या. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो फुकटचं वजन. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावा आणि चौकट पाणसळीने तपासा. चौकटच पिळलेली असेल तर पुढची सगळी मापं वाया जातात.

आता स्ट्रिंजर शोधा. बोटीत उतरून मधल्या रेषेपासून दोन्हीकडची अंतरं मोजा आणि तळाच्या बाहेरून खडूने रेघा मारा. आतला तळ बंद असेल तर बाहेरून लाकडी मूठ ठोकत जा. पोकळ आवाज एकदम भरीव झाला, की तिथे स्ट्रिंजर आहे असं समजा. आधाराच्या फळ्या याच रेघांखाली यायला हव्यात. V आकाराच्या फायबर बोटीत भार फळ्यांनी घ्यायचा आणि मधल्या रोलरनी बोट फक्त सरळ चढवायची. लाकडी किंवा ठळक कील असलेल्या बोटीत उलट: वजन कीलखालच्या रोलरवर, आणि फळ्या बोट कलंडू नये एवढ्यापुरत्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मागच्या टोकाला. आपल्याकडे ट्रेलर बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून करून घेतात. तो माणूस कामाला पक्का असतो, पण चौकट चाकांच्या हिशोबाने कापतो आणि फळ्या ट्रान्समच्या फूटभर अलीकडेच संपतात. 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरतं. ते त्या अधांतरी टोकावर लटकून राहतं, रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक त्याला झोला देतो आणि तळाचं शेपूट खाली झुकतं. मग पाण्यात बोट नाक वर काढत नाही, वेग मिळत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. अशा वेळी लोक इंजिन खोलतात, कार्बुरेटरला दोष देतात.

फळी ट्रान्समच्या कडेपर्यंत हवीच. दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आली तरी चालेल, आत नको. तळ आधीच वाकला आहे का, हे गवंड्याच्या सुताने कळतं. ट्रान्समच्या खालच्या कडेपासून पुढे दीड-दोन मीटर सूत तळाला लावून ताणून धरा. मध्ये फट दिसली, तर तळाला बाक आलाय.

फळीचा कोनही जुळवावा लागतो. फळी कडेवर टेकली तर सगळा भार एका रेषेत येतो. तिची पूर्ण रुंदी तळाला लागेपर्यंत ब्रॅकेटचे बोल्ट ढिले ठेवा आणि नंतरच आवळा. वहीचा कागद दोन-चार ठिकाणी सरकवून पाहा. सगळीकडे सारखाच अडकायला हवा. बोल्टची डोकी लाकडात खोल बुजवा, वरून कार्पेट ताणा. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याची रसायनं दिलेलं लाकूड वापरू नका, पत्र्याला खड्डे पडतात.

पुढचा विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा खांब यानंतर हलवायचा. ट्रान्सम फळीच्या टोकाला आला, की नाक जिथे येईल तिथे रबरी ठोकळा पक्का करा. नाकाची कडी त्या ठोकळ्याखाली खेचलेली राहायला हवी, नाहीतर ब्रेक दाबल्यावर बोट वर चढते. विंचच्या पट्ट्यावर विसंबू नका. नाकाला वेगळी साखळी आणि ट्रान्समला दोन रॅचेट पट्टे हवेतच.

मग तोल. हुकावर एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार यावा. कमी असेल तर ट्रेलर मागून झुलतो, जास्त असेल तर जीपची मागची बाजू बसते. एकूण वजन साखर कारखान्याच्या नाहीतर जिनिंगच्या काट्यावर करता येतं. हुकावरचा भार बघायला घरचा वजनकाटा विटांवर ठेवून, हूक गाडीला जोडतो त्याच उंचीला ठेवा. तोल चुकला तर बोट पुढे-मागे सरकवायचा मोह होईल, पण सरकवायचा तो ॲक्सल. बोट सरकली की ट्रान्समचा आधार गेला.

पहिल्या फेरीला दहाएक किलोमीटरवर थांबून ॲक्सलचे यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि चाकाच्या हबला हात लावून पाहा. तापलेलं हब लगेच पाण्यात घालू नका; ते गार होताना बेअरिंगमध्ये पाणी ओढून घेतं.

लांब मुक्कामाला चौकटीखाली टेकू द्या, टायरवरचा भार काढा, नाक जरा उंच ठेवा म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी मागून निघून जाईल. काढलेला ड्रेन प्लग इंजिनच्या किल्लीलाच बांधून ठेवा.