भिंतीवर काय लावायचं ते नंतर बघू, आधी टेप काढा

घराचा ताबा मिळाला, सामान लागलं, पडदे झाले, आणि मग चार दिवसांनी निवांत सोफ्यावर बसलं की लक्षात येतं, भिंती कोऱ्याच राहिल्यात आणि बोललं की आवाज घुमतोय. मग त्याच रात्री मोबाईल काढून आपण स्क्रोल करायला लागतो आणि अर्ध्या तासात काहीतरी मागवून मोकळे होतो. मीपण हेच केलं होतं. फोटोत इतकं भारी दिसत होतं ते चित्र, आलं तेव्हा ए४ साइजचं निघालं (साइज लिहिलेली होती हो, मीच वाचली नव्हती), आणि आधीच्या मालकाने ठोकलेला एक खिळा छताच्या जवळ होता म्हणून तिथेच लटकवून टाकलं. खाली दोन मीटरचा सोफा आणि वर ते एवढंसं चित्र, म्हणजे भल्यामोठ्या कपाळावर बारीकशी टिकली, तीपण केसांच्या रेषेजवळ. आठ महिने तसंच होतं.

तर माझ्या अनुभवाने सांगतो, पहिल्या घरात होणाऱ्या चुका नव्वद टक्के या दोनच. चित्र फार छोटं आणि फार उंच. आवड चुकत नाही हो कोणाची, माप चुकतं. म्हणून चित्र शोधायच्या आधी मेजरिंग टेप शोधा.

मापाचं गणित

सोफा, पलंग, टेबल अशा कशाच्याही वर चित्र लावायचं असेल तर त्या वस्तूच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश ते पाऊण एवढी चित्राची रुंदी पाहिजे. दोन मीटरचा सोफा असेल तर १३० ते १५० सेंटीमीटर. ऐकायला फार वाटतं, पण हे एकाच चित्राने भरायची गरज नाही, दोन-तीन फ्रेम शेजारी शेजारी लावून त्यांची मधल्या जागेसकट एकूण रुंदी तेवढी झाली की झालं. आणि फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २५ सेंटीमीटर वर ठेवायची, नाहीतर सोफा एकीकडे आणि चित्र भलतीकडेच तरंगताना दिसतं.

खाली काहीच नसलेली मोकळी भिंत असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर येऊ द्या. बऱ्याच आर्ट गॅलऱ्या याच्याच आसपास लावतात, कारण उभ्या माणसाच्या नजरेची सरासरी उंची ती. मध्य म्हणतोय मी, वरची कड नाही आणि खिळापण नाही. इथेच सगळे गंडतात. समजा फ्रेम ६० सेंटीमीटर उंच आहे. अर्धी म्हणजे ३०. मागची तार बोटाने वर ओढून बघितली तर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून ५ सेंटीमीटर खाली येते. मग खिळा कुठे, तर १४५ अधिक ३० उणे ५, म्हणजे १७० वर. हे गणित कागदावर करा, तोंडी करू नका, भिंतीला भोक पडल्यावर ते मागे घेता येत नाही.

यातलं काहीच डोक्यात बसत नसेल तर जुनी वर्तमानपत्रं घ्या, हव्या त्या मापात कापा आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवून द्या (साधी सेलोटेप नको, ती निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन निघते). दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा, बसून बघा, दारातून आत येताना बघा. घरातले हसतील, हसू द्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी वाटलं होतं की बापरे केवढं मोठं, आणि तिसऱ्या दिवशी तोच कागद अजून थोडा वाढवावासा वाटायला लागला. आणि ए३ म्हणजे खरंच केवढं हे कागद चिकटवल्याशिवाय कळतच नाही, ते २९.७ बाय ४२ सेंटीमीटर असतं, म्हणजे हातात मोठं वाटतं पण हॉलच्या मुख्य भिंतीवर एकटं लावलं तर बिचारं हरवून जातं.

आता चित्र कुठलं

इथे नियम कमी आणि माझी मतं जास्त आहेत, पटतील ती घ्या.

सोफ्याच्या रंगाला मॅचिंग चित्र शोधत बसू नका. सोफा कधीतरी बदलणार, चित्र राहणार. उलट करा, चित्र आवडीचं घ्या आणि त्यातला एखादा कोपऱ्यातला रंग उचलून उशांची कव्हरं घ्या, ते स्वस्तात होतं. भिंतीवर सुविचार लिहिलेल्या फ्रेम मला झेपत नाहीत, कारण वाक्य एकदा वाचलं की संपलं, रोज तेच तेच कोण वाचणार. आणि एकच धबधबा पाच तुकड्यांत कापून लावतात ते तर मला कधीच कळलेलं नाही.

आवडलेलं चित्र लगेच घेऊ नका, आठवडाभर मोबाईलचा वॉलपेपर करून ठेवा. दिवसातून पन्नासदा ते डोळ्यासमोर येतं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला तर भिंतीवर पाच वर्षं काय बघणार? माझी अशी सहा चित्रं बाद झाली आणि जे एक राहिलं ते आधी मला सगळ्यात साधं वाटलं होतं.

घरात दोघं असतील आणि आवडी जुळत नसतील (नसतातच) तर प्रत्येकाने दहा-दहा चित्रं काढा, मग एकमेकांच्या यादीवर काट मारा, कारण विचारायचं नाही. जे उरेल त्यातून निवडा. काहीच उरलं नाही तर भिंती वाटून घ्या, सरळ.

आता पैसे. नवीन घरात हात आखडलेलाच असतो, तर हे माहीत असू द्या की जगातल्या मोठमोठ्या म्युझियमनी त्यांच्याकडची जुनी, कॉपीराइट संपलेली चित्रं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये फुकट ठेवलीत. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या वर इमेज अशा खुल्या केल्या, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांचंही तसंच आहे. डाउनलोड करा, चांगल्या ठिकाणी प्रिंट काढा, फ्रेम करा. फक्त त्या चित्राशेजारी पब्लिक डोमेन किंवा सीसी झिरो (म्हणजे कोणीही फुकट वापरावं असं) लिहिलंय ना ते बघा, म्युझियममधलं सगळंच काही मोकळं नसतं.

आणि चित्राचं मूळ माप किती होतं तेपण एकदा बघाच, मजा येते. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ च्या सुमाराची, लोक अख्ख्या भिंतीएवढी करून लावतात, पण मूळचा लाकडी ठशाचा छाप जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटरचा आहे, म्हणजे ए३ पेक्षाही छोटा. मोनालिसा ७७ बाय ५३. काही चित्रं जवळ जाऊन बघायचीच असतात, ती पॅसेजमध्ये किंवा लिहायच्या टेबलाशेजारी लावा, हॉलमध्ये ताणून मोठी करू नका.

हयात चित्रकाराचं काम सोशल मीडियावरून उचलून प्रिंट काढणं मात्र चूक ते चूकच, शिवाय ती फाइल एवढी बारीक असते की प्रिंटमध्ये चौकोन चौकोन दिसतात. त्यांच्याकडून प्रिंट विकत घ्या किंवा कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांना जा, तिथे मूळ कामं आपल्याला परवडतील अशी मिळून जातात. प्रिंटच्या खाली पेन्सिलने १२/५० असं काही लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ५० च प्रती काढल्यात आणि ही त्यातली बारावी.

स्वतः काढलेले फोटोसुद्धा मस्त दिसतात, पण ओरिजिनल फाइल द्या. मेसेजवरून पाठवलेला फोटो वाटेत आकसतो आणि दुकानदार काही बोलत नाही, छापून देतो. हिशोब सोपा आहे: जवळून बघायचं असेल तर इंचाला ३०० पिक्सेल, दोन मीटरवरून बघायचं असेल तर १५० पण चालतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे ३०० ने साधारण १३ बाय १० इंच, आणि १५० ने २६ बाय २० इंचापर्यंत आरामात. कॅनव्हासवर ताणून घेणार असाल तर कडेचे चारेक सेंटीमीटर लाकडी पट्टीवर मागे वळतात हे विसरू नका, आमच्या एका फॅमिली फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकांचा अर्धा कान असाच भिंतीच्या बाजूला गेलाय.

फ्रेम, काच वगैरे

चित्र छोटं आहे पण जीव अडकलाय त्यात? मग माउंट (चित्र आणि फ्रेमच्या मधली जाड कागदाची चौकट) मोठा घ्या. ए४ चित्राला चारी बाजूंनी ८ सेंटीमीटरचा पांढरा माउंट दिला की फ्रेमच्या आतलं माप ३७ बाय ४६ च्या आसपास जातं आणि चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते. माझं ते टिकलीवालं चित्र शेवटी असंच वाचलं.

फ्रेमवाल्याला माउंट ॲसिड-फ्री लावायला सांगा आणि मागे काय घालतो ते बघा. काहीजण मागे वर्तमानपत्र किंवा स्वस्तातला पुठ्ठा घालतात, त्यातलं ॲसिड हळूहळू कागदात उतरतं आणि चित्र कडेने पिवळं पडतं. काचेचं वजनपण धरा, दोन मिलिमीटरच्या काचेचं चौरस मीटरला ५ किलो भरतं, म्हणजे ए१ (साधारण अर्धा चौरस मीटर) फ्रेमची नुसती काच अडीच किलो. ॲक्रिलिक साधारण निम्म्या वजनाचं असतं, मुलांच्या खोलीत आणि पलंगाच्या डोक्याशी तेच लावा. ओरखडे लवकर पडतात त्याला, पण डोक्यावर पडण्यापेक्षा बरं.

खिडकीच्या बरोबर समोर काचेची फ्रेम लावली तर चित्राऐवजी खिडकीच दिसते, हे आधीच तपासायचं असेल तर त्या जागी एखादा बंद टॅब किंवा काचेचा ट्रे धरून सोफ्यावरून बघा. थेट ऊन येणारी भिंत तर कागदी चित्रासाठी टाळाच. म्युझियमवाले कागदावरची नाजूक कामं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवतात, म्हणजे जवळपास अंधारातच, आणि काही महिन्यांनी आतही काढून ठेवतात. आपल्याला एवढं शक्य नाही, पण रंग उडायचे नसतील तर पिगमेंट शाईची प्रिंट मागा, साध्या डाय शाईची नको.

तो घुमणारा आवाज मात्र काचेच्या फ्रेमने जाणार नाही. त्याला कापड लागतं. विणलेलं, जाडसर, लोकरीचं काहीतरी मोठं एका भिंतीवर टांगा, खोलीचा आवाज बदललेला लगेच कळतो. बाथरूम आणि स्वयंपाकघरात वाफ आणि तेलकटपणा, तिथे ओरिजिनल काही नको, परत काढता येईल अशी प्रिंट लावा.

ठोकायची वेळ

नवीन गिलावा असेल तर भिंत पूर्ण सुकू द्या, ओलसर बाहेरच्या भिंतीला फ्रेम चिकटून बसली तर मागून बुरशी येते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराची छोटी बटणं लावली की हवा खेळत राहते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा सरळ आडव्या रेषेत ड्रिल करू नका, वायरिंग बहुतेक तिथूनच गेलेलं असतं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नुसता खिळा ठोकाल तर तो वाकेल नाहीतर गिलाव्याचा ढपला पडेल, ड्रिल करून गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची छोटी नळी) बसवा आणि स्क्रू लावा. गिट्टी ६ नंबरची तर बिटपण ६ चाच, मी ८ चा वापरला होता, गिट्टी गोल गोल फिरत बसली आणि शेवटी पुट्टी भरून शेजारी दुसरं भोक पाडावं लागलं. जड आणि रुंद फ्रेमला दोन स्क्रू, मग ती वाकडी होत नाही. चिकटपट्ट्या हलक्या फ्रेमला ठीक आहेत, पण पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा आणि खडबडीत रंगावर लावूच नका.

पाच-सात छोट्या फ्रेमचा घोळका करायचा असेल तर आधी सगळं जमिनीवर मांडा, खुर्चीवर उभं राहून फोटो काढा, जागा बदला, परत फोटो काढा. सगळ्यात मोठी फ्रेम बरोबर मध्ये न ठेवता जरा बाजूला घ्या आणि मधली अंतरं सगळीकडे सारखी, ५ सेंटीमीटर धरा. फ्रेम वेगवेगळ्या चालतात, अंतरं वेगवेगळी चालत नाहीत. आणि त्या १४५ च्या हिशोबात हा सगळा घोळका म्हणजे एकच चित्र.

सगळ्या भिंती एकदम भरायची घाई नको. आमची जेवायच्या टेबलामागची भिंत अजून कोरीच आहे, तिच्यावर गेला महिनाभर वर्तमानपत्राचा एक मोठा चौकोन चिकटवलेला आहे आणि येणारा प्रत्येकजण त्यातल्या बातम्या वाचतो. सोफ्याच्या वर मात्र आता १४० सेंटीमीटरचं चित्र आहे. छताजवळचा तो जुना खिळा अजून निघालेला नाही, पाहुणे विचारतात तिथे काय होतं म्हणून.